उसने मास्तर

तिन्ही खात्यांकडे विश्लेषकांना शिकवायला मास्तर नव्हते, म्हणून तिन्ही खात्यांनी एकमेकांकडून मास्तर उसने घ्यायचं ठरवलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे कुणी विचारलं नाही. माहिती खात्याने एक द्यायचा, कस्टमने एक, सरहद्द खात्याने एक, आणि तिघांनी मिळून तिन्ही खात्यांची नवी पोरं शिकवायची. वरून आदेश निघाला, त्याला ‘मनुष्यबळाचा सामायिक वापर’ असं भारदस्त नाव मिळालं, आणि तिन्ही प्रमुख एका टेबलाशी बसून फोटो काढून मोकळे झाले.

आता शेजारी भांडं मागायला आला की माणूस घरातलं कुठलं भांडं देतो? पोचे आलेलं. कस्टमने टायवाला दिला. हा गृहस्थ भर उकाड्यातही टाय सोडायचा नाही, दहा वर्षांपूर्वीच्या स्लाइड पडद्यावर लावून त्या जशाच्या तशा वाचून दाखवायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत जो पसार व्हायचा तो दुसऱ्या दिवशी उगवायचा. सरहद्द खात्याने कप्तान दिला. तो कसला कप्तान नव्हता. त्याची उभी नोकरी कोठारात बूट मोजण्यात गेली होती. पण वर्गात उभा राहिला की गोळ्या याच्या कानाजवळूनच जायच्या. आणि माहिती खात्याने बाईंना दिलं.

बाईंच्या मते त्या तेवढ्या अपवाद होत्या. एका बैठकीत साहेबांच्या अहवालाबद्दल ‘यात माहिती सोडून सगळं आहे’ असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, आणि पुढच्याच महिन्यात त्यांची इथे रवानगी झाली. हा त्यांना योगायोग वाटत होता. विश्लेषणात केस पिकवलेल्या बाईला!

विश्लेषक म्हणजे खबर आणणारा नव्हे. आलेल्या खबरींतलं खरं किती, भरताड किती, हे खुर्चीत बसून ठरवणारा. हे काम बाईंना उत्तम यायचं, आणि ज्याला येत नाही त्याची त्यांना मनापासून किळस यायची. माणसं त्यांना आवडत नसत असं नाही. त्यांना ती हुशार लागत, आणि तशी कुठे मिळत नसत.

वर्ग एका गोदामाच्या माडीवर भरायचा. खुर्च्या तिन्ही खात्यांच्या, प्रत्येकीच्या पाठीवर खात्याचा नंबर रंगवलेला, आणि पोरांनी आपापल्या खात्याच्याच खुर्चीवर बसायचं. फळ्यावर लिहायचे मार्करसुद्धा प्रत्येक मास्तर आपले आणायचा आणि जाताना खिशात घालून न्यायचा. एकत्र शिकवायचं म्हणून गोळा झालेली ही मंडळी, आणि पहिला नियम काय, तर आपल्या खात्याचं एकही खरं प्रकरण दुसऱ्या खात्याच्या पोरांना सांगायचं नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. मग शिकवायचं काय? टायवाला स्लाइड वाचायचा, कप्तान गोळ्या चुकवायचा, आणि दोघांचे उरलेले तास बाईंच्या गळ्यात पडायचे. त्यामुळे सरावाची प्रकरणं बाईंनाच रचावी लागत.

असंच एक प्रकरण त्या एका रविवारी घरी रचत बसल्या होत्या आणि काही केल्या सुचत नव्हतं. बाहेरच्या खोलीत धाकटा दीर येऊन बसला होता आणि त्यांच्या नवऱ्याला फुशारक्या ऐकवत होता. बाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा हा शाळेत होता, आणि बाईंच्या मते तो अजून शाळेतच होता. सहा धंदे करून झाले, सहाही बुडाले. सातवा मात्र चालला होता. दोन गाड्या घेऊन तो सरहद्दीपलीकडच्या बाजारात फुलं पोचवायचा. गाड्या दोन, पण सांगताना सात. ओळखी थेट वरपर्यंत. खिशात फोन दोन, एक गिऱ्हाइकांचा आणि एक बायकोचा, म्हणजे बायकोला कधीही लाइन मोकळी मिळावी. जवळचा रस्ता सोडून हा लांबून जायचा, कारण जवळच्या रस्त्यावर मेव्हणा राहायचा आणि मेव्हण्याशी बोलाचाली बंद होती. वाटेत एका गॅरेजला प्रत्येक खेपेला थांबायचा. गाडीला काही झालेलं नसायचं, तिथे पत्त्यांचा डाव असायचा.

बाईंनी कान दिला आणि पेन उचललं. वा! दोन फोन, वाकडी वाट, विनाकारण थांबा, वरपर्यंतच्या ओळखी. जो वाचेल तो म्हणेल, हा पक्का तस्कर. आणि उत्तर काय, तर फुलं! संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे पोरांना शिकवायला यापेक्षा चांगलं गाढव कुठे मिळणार? बाईंनी नाव बदललं. बाकीचं तसंच ठेवलं, गाड्यांवरचा हिरवा पट्टा, गॅरेज, नाका, खेपेचे वार, सगळं. खऱ्याला पर्याय नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे कंटाळा केला.

प्रकरण सकाळच्या तासाला पोरांना दिलं आणि उत्तर दुपारच्या तासाला सांगितलं. टायवाला सकाळी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होता. दुपारी तो नव्हता. तो दुपारी कधीच नसायचा. म्हणजे प्रश्न त्याच्याकडे होता, उत्तर नव्हतं.

आता प्रत्येक उसन्या मास्तराने आपल्या खात्याला दर महिन्याला कळवायचं असे, की या देवघेवीतून आपल्या खात्याला लाभ काय झाला. टायवाल्याला लाभ दाखवायला काही नव्हतं. त्याने हे प्रकरण उचललं, त्याच्यावरचा ‘सराव’ हा शब्द गाळला आणि माहिती खात्यातल्या विश्वसनीय सूत्राकडून कळलं म्हणून वर पाठवलं. शिवाय चहाच्या वेळी कप्तानाच्या कानात सांगितलं. कप्तान मागे राहतो की काय? त्यानेही आपल्या खात्याला तेच कळवलं आणि पदरचं एक जोडलं, की गॅरेजमध्ये रात्री-अपरात्री अनोळखी माणसं येतात. कस्टमने सरहद्द खात्याला विचारलं, त्यांनी दुजोरा दिला. सरहद्द खात्याने कस्टमला विचारलं, त्यांनीही दिला. मग दोघांनी मिळून माहिती खात्याला विचारलं, आणि साहेबांनी विचार केला, दोन खात्यांना माहीत आहे आणि आपल्याला नाही, हे बरं दिसत नाही. त्यांनीही दिला. पराचा कावळा म्हणतात तो असा, तीन सह्यांचा.

साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं तेव्हा ते खुशीत होते. सामायिक वापराचं हे पहिलं फळ, म्हणाले. तीन खाती, तीन स्वतंत्र सूत्रं, आणि तिघांचं तंतोतंत जुळतंय. पुढच्या खेपेला नाक्यावर गाठायचा बेत ठरलाय, तेवढी तुम्ही एकदा नजर टाका. बाईंनी नजर टाकली. पहिल्या ओळीत लांबची वाट होती, दुसऱ्या ओळीत दोन फोन, तिसऱ्या ओळीत बाईंचेच शब्द, स्वल्पविरामासकट.

“साहेब, हा माझा दीर आहे.”

साहेबांचा चेहरा उजळला. “मग तर फारच छान, मॅडम. तुमच्याकडे आतली माहिती असेल.”

बाईंनी सगळं सांगितलं. वर्ग, सराव, टायवाला, दुपार. साहेबांनी ऐकून घेतलं, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले की आमचा दुजोरा मी मागे घेईनही, पण बाकीच्या दोन खात्यांची आपापली सूत्रं असतील. बाई म्हणाल्या, त्यांचं सूत्र मीच आहे. साहेब म्हणाले, हे तुमचं एकटीचं म्हणणं झालं. आणि मॅडम, नातेवाईकाची खरी माहिती तुम्ही वर्गात वापरलीत, हे मी ऐकलं नाही असं समजतो. तुमची पेन्शन जवळ आलीय.

बाई तरातरा टायवाल्याकडे गेल्या. हे प्रकरण तुम्हाला कुणी सांगितलं, म्हणून तोंडावर विचारलं. टायवाल्याने टायची गाठ चाचपली.

“माफ करा, मॅडम. मी माझं सूत्र उघड करू शकत नाही.”

हे तो त्या सूत्रालाच सांगत होता! बाईंना वाटलं, या माणसाच्या कानशिलात द्यावी. मग त्या कप्तानाकडे गेल्या. कप्तान म्हणाला की ती अनोळखी माणसं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत. गॅरेज कुठल्या गावात आहे हे विचारल्यावर तो खोकायला लागला. पण म्हणणं बदललं नाही त्याने. बदललं तर टायवाला खोटा पडणार, टायवाला पडला तर तोही पडणार, आणि दोघे पडले तर तिन्ही प्रमुखांचा तो फोटो भिंतीवरून उतरवावा लागणार. एकाच्या पायात दुसऱ्याचा पाय, अशी ती तीन खात्यांची मैत्री.

घरी येऊन बाईंनी फोन हातात घेतला. एवढंच म्हणायचं होतं, या खेपेला जाऊ नकोस. पण तो गेला नाही तर लगेच म्हणतील, कुणीतरी सावध केलं. कुणी केलं हे शोधायला काही हुशारी लागत नव्हती. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, वर खटला. बाईंनी फोन खाली ठेवला. कर नाही त्याला डर कशाला, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. गाड्या उघडतील, फुलं दिसतील, थोबाड पाडून बंद करतील. संध्याकाळी हा घरी येऊन त्याचीही फुशारकी मारेल. जन्मभर जगाची अक्कल काढणाऱ्या बाईंनी त्या दिवशी जगाच्या अकलेवर भरवसा ठेवला, कारण ते सोयीचं होतं.

गाड्या उघडल्या, फुलं दिसली, आणि कुणाचंही थोबाड पडलं नाही. फुलं आहेत म्हणजे फुलांखाली काहीतरी असणार. सगळ्या पेट्या उन्हात रिकाम्या केल्या. पेट्यांत काही नाही म्हणजे गाडीत असणार. पत्रे उचकटले, सीट फाडल्या, टायर कापले. गाडीत नाही म्हणजे माणसाच्या पोटात असणार. धाकट्याला आत बसवला, आणि एक खातं दमलं की दुसरं खातं तेच प्रश्न नव्याने विचारायचं. साप म्हणून भुई धोपटत राहिले. साप नाही हे कबूल करायला कुणी तयार नव्हतं. आठवडाभर ठेवून त्याला सोडला. फुलं कुजली, पलीकडच्या व्यापाऱ्याने दुसरा माणूस धरला. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! तिन्ही खात्यांनी मिळून शेरा मारला की संशयित वेळीच सावध झाला असावा. सामायिक वापराची योजना यशस्वी ठरली, तिला मुदतवाढ मिळाली, आणि टायवाल्याला बढती.

त्यानंतर एका दुपारी धाकटा आला. नवरा बाहेर गेला होता. एरवी हा आल्या आल्या भावाच्या खुर्चीत फतकल मारायचा. आज दाराजवळच्या स्टुलावर बसला. पाणी दिलं ते प्यायला. बाई वाट पाहत होत्या की आता सुरू करेल, नाक्यावरचे साहेब कसे आपल्या ओळखीचे निघाले वगैरे.

तो बोलला, पण हळू आवाजात, फुशारकीशिवाय. म्हणाला, त्यांना सगळं माहीत होतं. लांबच्या वाटेचं माहीत होतं, गॅरेजच्या थांब्याचं माहीत होतं, दोन गाड्यांच्या सात सांगतो हेसुद्धा माहीत होतं. इतक्या जवळचं माणूस एकच, दुसऱ्या गाडीवरचा ड्रायव्हर. पहिल्या खेपेपासून बरोबर होता. त्याला बोलावलं, चारचौघांत नाही नाही ते बोललो, घरभेदी म्हणालो. तो रडत होता, तरी हाकलून दिला.

“तुम्ही त्या लोकांना शिकवता ना, वहिनी? एवढं विचारून सांगा. त्यानेच नाव दिलं ना?”

बाईंना हो म्हणता आलं असतं. किंवा आमच्यात असं विचारता येत नाही, हे म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. तीन खात्यांत सगळे हेच करत होते. पण हा एकटाच त्यांच्याकडे खरं मागायला आला होता, आणि तेही मान खाली घालून.

“त्याने नाही. मी,” बाई म्हणाल्या.

आणि मग सगळं सांगितलं. तो रविवार, ते पेन, तो वर्ग. फोन उचलून खाली ठेवला तेही सांगितलं. तिन्ही खात्यांना जे पटवता आलं नव्हतं, ते त्याला एका दमात पटलं. सगळं झाल्यावर त्याने एकच विचारलं.

“शेवटी वर्गात उत्तर काय सांगितलंत?”

“की हा माणूस काही करत नाही. नुसत्या थापा मारतो.”

“हसले सगळे?”

बाईंनी मान वर केली नाही. “हसले.”

त्याने आरडाओरडा केला असता, हातातला रिकामा पेला भिंतीवर फेकला असता, तर बाईंना सुटल्यासारखं वाटलं असतं. त्याने पेला मोरीत नेऊन ठेवला आणि चपला घातल्या.

“कुठे निघालास?”

“ड्रायव्हरकडे. गाड्या विकायला काढल्यात, कामावर परत ये असं काही म्हणता येणार नाही त्याला. पण माफी तरी मागून येतो. बिचाऱ्याला फार बोललो मी.”

तो जिना उतरून गेला. बाई दारातच उभ्या राहिल्या, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की एवढं सगळं नीट, क्रमाने, काही न लपवता सांगताना त्यांनी त्याची माफी मागितलीच नव्हती.