कोवळ्या त्वचेलाही चालेल

बावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून ताई निवृत्त झाल्या आणि साबण करायला लागल्या. घरामागच्या नाल्यावर सकाळी पांढरा फेस तरंगायचा, इतका की कुत्री हुंगून मागे फिरायची. तो रोज बघून त्यांनी मनावर घेतलं. खोबरेल, एरंडेल, वाळवलेल्या पाकळ्या, बस्स. वडी कागदात गुंडाळायची, प्लॅस्टिकला थारा नाही. कुणी घरी आलं की त्याच्या घरातली साबणाची बाटली सुटेपर्यंत ताई त्याला सोडायच्या नाहीत.

"झाडापासून आलेलं अंगाला कसं बाधेल?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वर्गात कुणी उत्तरपत्रिकेत हे लिहिलं असतं तर त्यांनीच त्यावर लाल फुली मारली असती. पण विकताना ते तोंडात बसलं होतं.

त्यांच्यावर सगळ्यात जास्त विश्वास त्यांच्या भावजयीचा. ती इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. कामावर हात धुवायला इस्पितळाचं औषधी पाणीच वापरावं लागे, पण घरी तिने सगळ्या बाटल्या काढून टाकल्या होत्या. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर निवृत्त होणार होत्या, तेव्हा सगळ्या नर्सना एकेक वडी द्यायची कल्पनाही तिचीच.

"ताई, सव्वीस हव्यात. रविवारी कार्यक्रम आहे. जमेल ना?"

"न जमायला काय झालं," ताई म्हणाल्या.

फळीवर मुरलेल्या वड्या सतरा निघाल्या. उरलेल्या नऊ वड्या अकराच दिवसांपूर्वीच्या घाण्यातल्या, अजून न मुरलेल्या. त्या दिवशी वजनकाटा मधेच बंद पडला होता आणि कॉस्टिक सोडा त्यांनी अंदाजाने घातला होता. शनिवारी दुपारी त्यांनी शाळेतून आणलेल्या बाटलीतल्या द्रावणाचा एक थेंब वडीवर टाकला. फिका गुलाबी उमटला असता तर साबण तयार. थेंब गडद किरमिजी झाला. म्हणजे कातडी जाळणारा सोडा उरलेला. त्यांनी तो पुसला आणि स्वतःशीच म्हणाल्या, वाळेल तसा उतरेल. सव्वीस कबूल करून सतरा द्यायच्या म्हणजे भावजयीचं नाक कापल्यासारखं होईल, असंही त्यांनी मनाला समजावलं. खरं तर नाक त्यांचं होतं. मग नऊच्या नऊ वड्या कागदात गुंडाळून, इतरांसारखीच त्यांच्यावरही त्यांनी सुबक अक्षरात चिठ्ठी लावली: कोवळ्या त्वचेलाही चालेल.

पुढच्या शुक्रवारी भावजय आली, ती हात ओढणीत गुंडाळून. चहाचा कप धरायला हात बाहेर काढले तेव्हा ताईंनी पाहिलं. बोटांच्या पेरांवर चिरा, पंजे लालभडक, एका अंगठ्याची साल निघालेली.

"कामावरून बाजूला केलंय," ती म्हणाली. "अशा हातांनी बाळांना कसं घेणार? सध्या कागदपत्रांच्या टेबलावर बसवलंय. औषधी पाण्याने झालं असणार."

ताईंनी बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली.

"आणि गंमत बघा ना. आमच्यातली एक उंच नर्स आहे, तिलाही थोडं झालंय. ती म्हणते, तुझ्या नणंदेच्या साबणाने झालं. मी चांगलं सुनावलं तिला. म्हटलं, झाडापासून आलेलं अंगाला कसं बाधेल? दोन दिवस झाले, बोलत नाही मी तिच्याशी."

खरं बोलायला तीच वेळ होती. तोंड उघडलंही, आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"हवा कोरडी आहे गं हल्ली. तेल लावत जा रात्री."

"तेच म्हटलं मी. सॉरी हं ताई, तुमच्याकडे रडगाणं घेऊन आले. तुम्हाला उगाच वाईट वाटायचं."

जाताना ती चपला घालायला वाकली. पट्टा ओढताना बोट दुखलं म्हणून तिने ओठ आवळले. तिच्या त्या माफीने ताईंना घरात बसवेना. लहान वर्गातल्या पोरीने खोटं बोलून शिक्षा दुसरीवर ढकलावी, तसं आपण केलं, आणि आपलं वय किती, असं सारखं मनात येत राहिलं. कुठल्याशा मुलीला कॉपी केली म्हणून त्यांनी भर वर्गात उभं केलं होतं, तिचा चेहराही आठवला. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सोमवारी दुपारी त्या इस्पितळात गेल्या. नर्सची जेवणाची खोली तळमजल्यावर, औषधांच्या खोक्यांच्या पलीकडे होती. लांब टेबलाभोवती सातआठ जणी डबे उघडून बसल्या होत्या. भावजय एका टोकाला, उंच नर्स दुसऱ्या टोकाला. निवृत्त झालेल्या मोठ्या सिस्टरही काही सह्या करायला आल्या होत्या.

"ताई? तुम्ही इथे कशा?" भावजय उठून उभी राहिली.

"बस तू. मला सगळ्यांशीच बोलायचंय." ताई दारातच उभ्या राहिल्या. "त्या साबणांतल्या नऊ वड्या कच्च्या होत्या. त्यात सोडा जास्त होता. तुमच्या हातांना त्यानेच झालं. बाहेरून कुठली ते कळणार नाही, म्हणून कुणाकडेही उरली असेल तर वापरू नका, मला परत द्या."

कुणी घास घेईना. मोठ्या सिस्टरनी चष्मा काढला.

"चूक कधी लक्षात आली तुमच्या?"

हवेच्या नावावर पुन्हा वेळ मारून नेता आली असती. "देण्याच्या आदल्या दिवशी. तपासून पाहिलं होतं."

"तुम्ही केमिस्ट्री शिकवायचात ना?"

"हो."

सिस्टरनी चष्मा पुसून परत लावला. त्या दोन शिव्या हासडत्या तर बरं झालं असतं. उंच नर्स एकदा भावजयीकडे बघून परत डब्याकडे वळली. भावजयीचे कान लाल झाले होते.

ती ताईंना दारापर्यंत सोडायला आली. "मग शुक्रवारी हवेचं म्हणालात ते?"

"खोटं बोलले."

"मी त्या बाईला नाही नाही ते बोलले, ताई. तुमच्यासाठी."

ताईंना मान वर करता येईना. माफी मागायला शब्द जुळवले, तोवर ती आत गेली होती.

परत आलेल्या वड्यांत कच्च्या नऊपैकी सहा सापडल्या. भावजयीचे हात बरे व्हायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस फोन आला तो भावाचाच, तोही कामापुरता. ताईंनी घाणा घातला नाही. परत आलेल्या वड्यांना हात लावला की चिठ्ठ्यांवरचं स्वतःचं अक्षर दिसायचं आणि त्या खोलीबाहेर यायच्या.

दोन महिन्यांनी भावाने जेवायला बोलावलं. भावजय दारात आली, "या" म्हणाली, पाणी दिलं. जेवायच्या आधी ताई हात धुवायला गेल्या. बेसिनवर नवी वडी होती, फिकट हिरवी, झाडाच्याच तेलांची, दुसऱ्या कुणीतरी केलेली. शेजारी तिचा कागद वाळत ठेवला होता. त्यावर काय काय घातलंय, कधी केलं, किती दिवस मुरवलं, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं.

"चांगला आहे तो," मागून भावजय म्हणाली. "आता वाचून घेते मी."

"बरं करतेस," ताई म्हणाल्या.

त्यांनी वडी हातात घेतली. फेस मऊ आला, हाताला कुठे चुरचुरलं नाही. भावजयीने खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. तो घेताना ताईंना तिचा अंगठा दिसला. त्यावर अजून पातळ, नवी कातडी होती.