पिवळ्या ठिपक्याचे ससे

देवपुरातल्या औषधनिर्माण महाविद्यालयात भाईदास पाटलाला कुणी सर म्हणत, कुणी भाऊ. पण त्या साली त्याला नुसतं 'पोटदुखी' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पोटदुखीचं कारण एकच, प्रमिला शिरसाठ.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेली ही पोरगी कालपरवा नोकरीला लागली आणि विभागप्रमुख मोतीलालसरांच्या तोंडी उठता बसता तिचंच नाव. भाईदास वर्षानुवर्षं अर्जुनसालीचा अर्क सशांना पाजत आला होता. ससे बिचारे गपगुमान प्यायचे, आणि त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल जागचं हलायचं नाही. हिनं काय आणलं, तर शेवग्याचा पाला! परसातला शेवगा! आणि सर म्हणे, "कल्पना चांगली आहे." भाईदासला ते तीन शब्द जेवतानाही आठवत असत.

त्यात जळगावच्या नव्या विद्यापीठाकडे पीएच.डी.साठी एकाचंच नाव जायचं होतं. ज्याचं काम उजवं, त्याचं नाव, असं सरांनी सांगून टाकलं होतं. भाईदासनं त्याआधीच शिंदखेड्याच्या सगळ्या भावकीला आपण डॉक्टर होणार म्हणून कळवलं होतं. सासरे तर त्याला डॉक्टर म्हणूनच हाका मारायला लागले होते. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, तसला प्रकार.

प्रमिलाचा प्रयोग साधा होता. सगळ्या सशांना वनस्पती तूप चारून त्यांचं कोलेस्टेरॉल चढवायचं. मग निम्म्यांना शेवग्याचा अर्क द्यायचा, निम्म्यांना द्यायचा नाही. शेवटी कानाच्या शिरेतून रक्त काढून दोन्ही गटांची तुलना करायची. तोवर हिरवा पाला सगळ्यांनाच बंद.

हिरवा पाला बंद, हेच भाईदासच्या डोक्यात घोळू लागलं. लसूणघासानं कोलेस्टेरॉल उतरतं, हे त्यानं कुठंसं वाचलं होतं. त्याच्या घरामागं गायीसाठी घासाचा वाफा होताच. बिनअर्काच्या सशांना गुपचूप घास चारला तर त्यांचंही कोलेस्टेरॉल उतरेल. दोन्ही गट सारखेच दिसतील, आणि शेवगा गेला आमटीत!

सशांची खोली सगळ्यांची सामायिक. सकाळी कुणी यायच्या आत भाईदास पिशवीतून घास नेऊ लागला. प्रमिलाचे अर्धे ससे पांढरेशुभ्र होते, अर्ध्यांच्या पाठीवर पिवळा ठिपका होता. आता औषधाच्या सशाला ठिपका लावायचा, ही भाईदासची जुनी पद्धत. जगाचीही तीच असणार, यात त्याला शंका आली नाही. आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात ना! त्यानं बिनठिपक्याच्यांना घास चारला, पोट भरून चारला. सुरुवातीला ते कोपऱ्यात दबून बसायचे. पुढं पुढं त्याच्या चपलांचा आवाज आला की जाळीशी गर्दी करायला लागले.

रक्ताचे निकाल आले त्या दिवशी मोतीलालसर खुर्चीतून उठून उभेच राहिले. आनंद झाला की सर कॉलेजची भाषा विसरून घरच्या बोलीवर येत.

"तू ते बठ्ठास्ले मांगे टाकी दिधं व पोरी!" प्रमिलानं सगळ्यांनाच मागं टाकलं म्हणे.

अर्क घेतलेल्या सशांचं कोलेस्टेरॉल नुसतं उतरलं नव्हतं, कोसळलं होतं. भाईदासला काही कळेना. घसा खाकरून त्यानं विचारलं, "ठिपकेवाल्यांचं उतरलं ना?"

"नाही भाऊ, बिनठिपक्याच्यांचं," प्रमिला म्हणाली. "अर्काच्या सशांना रोज धरून पाजावं लागतं. आधीच घाबरलेले असतात, त्यात आणखी रंग कशाला फासायचा? म्हणून मी दुसऱ्यांना ठिपके लावले."

भाईदासनं तिचं पाणी अडवायला बांध घातला होता आणि ते सगळं तिच्याच शेतात वळलं होतं.

"पण सर, आकडा मला पटत नाही," प्रमिला पुढं म्हणाली. "शेवगा इतका गुणाचा असेल असं वाटत नाही."

"काही बोलू नको. चल, ससे दाखव."

तिघं सशांच्या खोलीत गेले. भाईदासची चप्पल वाजली मात्र, बिनठिपक्याचे सगळे ससे उड्या मारत जाळीशी आले आणि नाकं बाहेर काढून हुंगू लागले. ठिपक्याचे कोपऱ्यात बसून राहिले.

"देख, देख!" सरांनी टाळी वाजवली. "काय चपळ झाले! शेवगाना गुण शे हाऊ!"

भाईदास गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण रोज पहाटे दवात भिजून त्यानं घास कापायचा आणि टाळी शेवग्यानं घ्यायची? हिच्या शेवग्यानं?

"शेवग्याचा कसला गुण!" तो ओरडला. "माझ्या घासाचा आहे! मी चारलाय त्यांना! तो आकडा माझा आहे, माझा!"

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. सरांचे हात टाळीच्या जागीच राहिले. ते भाईदासशी शुद्ध मराठीत बोलले, त्यावरूनच त्याला सगळं उमगलं.

"पाटील, तुमचं नाव विद्यापीठाकडे जाणार नाही."

प्रमिलाच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं होतं. ते पुसून ती म्हणाली, "म्हणजे आकडा खोटाच होता. पुन्हा करते, सर. या वेळी घासाचा वेगळा गट ठेवते." मग भाईदासकडे न बघता म्हणाली, "घास तुम्हीच आणा, भाऊ. तुमच्या हातचं खातात ते."

सोमवारी सकाळी भाईदास घासाचा भारा सायकलला बांधत होता. सासरे मुक्कामाला आलेले. ओसरीतून त्यांनी कौतुकानं विचारलं, "डॉक्टर, इतका घास कोणासाठी?"

भाईदासनं दोरीची गाठ आवळली.

"प्रमिलाबाईंच्या सशांसाठी," तो म्हणाला.