इको पॉइंटचा चढ

बायपास झाल्यापासून दशरथ परब मुलुंडच्या घराचा उंबरठा ओलांडायला तयार नव्हता. डॉक्टर म्हणाले, चाला. मुलगा म्हणाला, चाला. हा खाटेवर बसून पंखा बघायचा. भीती वाटते म्हणून कबूल करील तर गिरणीतला गडी कसला! शेवटी एका मंगळवारी त्याच्या बायकोने, शेवंतीने, डबा भरला.

"मला माथेरान बघायचंय. एकटी जाऊ का?"

"एकटी खंय जातंस? हरवशील," म्हणत नवरा उठला.

नेरळपर्यंत रिकामी कर्जत गाडी, मग घाट चढायला टॅक्सी, मग वर गावापर्यंत मिनी ट्रेन. मिनी ट्रेनच्या खिडकीत म्हातारा पोरासारखा डोकं बाहेर काढून बसला. पण शेवंतीचा जीव पुढच्या, इको पॉइंटला चढणाऱ्या लाल मातीच्या वाटेत अडकला होता. आज हा अर्ध्यातून फिरला, तर पुन्हा खाट सोडणार नाही.

गाडीतून उतरून दोघं चालू लागली. त्याचा श्वास वाजायला लागला की ती थांबायची. कधी चपलेत खडा, कधी चिक्कीवाल्याशी घासाघीस, कधी "बघा हो, वानराचं पिल्लू!" पुरुषाची अब्रू राहावी म्हणून बाईने नाटक करायचं. जन्मभर तेच केलं होतं तिने.

"काका, घोडा?" एका घोडेवाल्याने विचारलं.

"घोड्यार नवरदेव बसता. माझा लगीन झाला!" दशरथ खेकसला आणि बायकोवर घसरला. "हिकाच बसव. दर पाच पावलांर बूड टेकता. तुका आणूकच नको होता!"

घोडेवाला फिदीफिदी हसला. शेवंतीच्या कपाळाची शीर तडतडली. दम लागतो याला, आणि थकायचं मी? गेला खड्ड्यात. ती तरातरा चढ चढायला लागली. खडा नाही, वानर नाही. मागे चपला फरफटत होत्या. मग फरफट थांबली. ती वळली नाही. वळली असती तर पुन्हा काहीतरी निमित्त काढलं असतं.

"शेवंते!"

नावाने तो फक्त भांडणात हाक मारायचा. हा आवाज भांडणाचा नव्हता.

"थांब गो. माका दम लागलो."

ती धावत खाली आली. तो झाडाला धरून उभा होता, घामाने निथळत.

"छातीत दुखतंय?"

"नाय. नुसतो दम." मग खाली बघत, "आणि भ्या वाटता."

दोघं झाडाच्या मुळावर बसली. तिने पदराने त्याची मान पुसली, पाणी पाजलं.

"तुका ठावक होता?"

"स्टेशनापासून."

"मगे बोललंस नाय?"

"तुम्ही बोललात?"

तो हसला. हसता हसता धाप लागली, ती त्याने लपवली नाही. श्वास खाली बसल्यावर आपणच उठला.

"लांब हा अजून?"

"तो वळसा संपला की दरी."

"चल तर. पण हळू चल. माझ्यासाठी."

भर रस्त्यात त्याने तिच्या खांद्यावर हात टेकला. शेवंतीने पाऊल आखूड केलं.