पन्नासच्या पटीत

आमच्या बँडच्या जुन्या टेपची रेकॉर्ड छापायला जाण्याआधी कंपनीने आम्हा तिघांना गाणी फोनवर पाठवली. ताईने ती जेवणाच्या सुट्टीत तिच्या वर्कशॉपमध्ये ऐकली. ती चष्म्याच्या काचा घासते. मी समोर स्टुलावर डबा उघडून बसले होते. पहिलं गाणं तिने पूर्ण ऐकलं, दुसरं अर्धं, तिसऱ्याची नुसती सुरुवात. मग हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवले. ताई वस्तू आपटते तेव्हा काळजी करायचं कारण नसतं. हळू ठेवते तेव्हा असतं.

"मी कुठेय?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे ह्यात मी कुठेय ते दाखव. तुझा ड्रम आहे. भोंगा आहे, त्याच्या घशातली खरखरसुद्धा ऐकू येते. मी कुठेय?"

मी हेडफोन लावले. माझा ड्रम इतका स्वच्छ मी कधीच ऐकला नव्हता. बेस होता. भोंग्याचा आवाज कानाला लागून बोलल्यासारखा होता. आणि जिथे ताईची गिटार असायची तिथे फक्त टकटक होती, तारेवर पत्ती लागल्याची. कुणीतरी बंद खिडकीवर नखाने वाजवत असावं तशी.

"फोनमुळे असेल," मी म्हणाले.

"फोनला माझ्याशीच वाकडं आहे का?"

आमच्या बँडचं नाव 'दार लावा'. बर्फाच्या कारखान्यामागची एक खोली आम्हाला सरावाला मिळाली होती. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून तिच्या दारावर कुणीतरी रंगाने तेवढंच लिहून ठेवलं होतं. बँडच्या नावावरून महिनाभर भांडल्यावर आम्ही ते घेतलं. ताई गिटार वाजवायची, मी ड्रम, आणि आमचा मावसभाऊ बेस वाजवून गायचा. त्याला आम्ही भोंगा म्हणायचो, कारण त्याचा आवाज कधीच कुणाला ऐकू जायचा नाही.

खोलीच्या भिंतीपलीकडे कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर होता. अ‍ॅम्प चालू केला की त्यातून घूंऽऽ असा आवाज निघायचा, आणि तो काही केल्या जाईना. वायरी बदलल्या, अर्थिंग तपासलं, अ‍ॅम्प या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवला. भोंग्याने तो अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळूनही पाहिला, भट्टीत भाजायला ठेवायचा असल्यासारखा. शेवटी ताई म्हणाली, "जात नाही ना? मग राहू दे." आणि तिने गिटारच्या सगळ्या तारा त्या घुमण्याशी जुळवल्या.

हे तिने कानाने केलं. मी पुढे कॉलेजात असताना मोजून पाहिलं तेव्हा थक्क झाले. विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास हेलकावे घेतो, त्यामुळे असलं घुमणं पन्नासवर आणि त्याच्या पटीत असतं: शंभर, दीडशे, दोनशे, असं वर वर. ताईच्या तारा बरोबर तिथे होत्या. ती मोकळ्या तारा छेडायची आणि तास तास वाहू द्यायची. गिटार कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळायचं नाही. सगळी खोलीच ती वाजवते आहे असं वाटायचं. त्यातून भोंग्याचं गाणं पाण्याखालून कुणी हाक मारावी तसं यायचं. ताई पूर्ण वेळ पायाशी मांडलेल्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांकडे बघत उभी असायची. एकदा एका माणसाने मला विचारलं होतं, "त्या बाईंचं काही पडलंय का खाली?"

बिलियर्डच्या हॉलमध्ये वाजवलं, गाड्यांच्या तळघरात वाजवलं. एकदा गाद्यांच्या गोदामात वाजवलं तेव्हा गाद्यांनी सगळा आवाज पिऊन टाकला आणि ताई मध्येच गिटार पिशवीत भरून घरी गेली. दोनदा मालकाने येऊन मेन स्विच पाडला. आई म्हणायची, मिक्सर बरा, निदान काहीतरी वाटून तरी होतं. त्या खोलीतच आम्ही एक टेप केली, तिघांनी एकाच वेळी वाजवून, त्यामुळे कुणाचा आवाज वेगळा काढायची सोय नव्हती. मग कारखाना बंद पडला, खोली गेली, आणि बँडही. भोंगा जाहिरातींची गाणी म्हणायला लागला. फरशीवर पाय घसरत नाही असं सांगणारं ते गाणं त्याचंच. ताई काचांकडे गेली. मी पंख्यांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे, कंपनं मोजते. आणि आता, इतक्या वर्षांनी, आम्हाला कधी न पाहिलेल्या पोरांनी ती टेप एकमेकांना पाठवत पाठवत एवढी पसरवली की एका कंपनीला तिची रेकॉर्ड काढावीशी वाटली.

मी दोन्ही ध्वनी, जुनी टेप आणि नवी फाइल, प्रयोगशाळेतल्या यंत्रावर शेजारी शेजारी लावले. पडद्यावर जुन्यात उंच रेघा होत्या, समान अंतरावर, कुंपणाच्या खांबांसारख्या. नव्यात नेमक्या त्याच जागी खड्डे होते. विजेची घरघर काढून टाकणारा एक फिल्टर असतो. तो पन्नासच्या प्रत्येक पटीवर एक अरुंद काप घेतो. एरवी त्यात गाण्याचं फारसं काही जात नाही. पण अख्खी गिटार त्या घरघरीवर कोण जुळवेल, असा विचार फिल्टर करणाऱ्याने केलेला नसतो.

ताईला मी हे समजावून सांगितलं.

"म्हणजे मी वायरिंगमधला बिघाड," ती म्हणाली.

"यंत्राच्या मते."

"यंत्राला कान नसतात. भोंग्याला आहेत. लाव त्याला फोन. आवाज मोठा ठेव."

त्याने लगेच उचलला. "ऐकलंत? कसलं भारी झालंय ना? टेप साफ केली त्या साउंडवाल्याला मी झकास म्हणून कळवलंसुद्धा."

"माझी गिटार कुठेय?" ताईने विचारलं.

"आहे की गं. जरा मागे आहे."

"किती मागे? शेजारच्या घरात?"

"ताई, पहिल्यांदा शब्द कळताहेत. तू ऐकलेस का शब्द?"

म्हणजे त्याला माहीत होतं. त्याने ऐकलं होतं, त्याला कळलं होतं, आणि त्याने साउंडवाल्याला झकास म्हणून कळवलं होतं. ताईने फोन बंद केला आणि घासायच्या यंत्राचं पाणी सुरू केलं. त्या दुपारी तिच्या हातून एक काच फुटली. असं सहसा होत नाही.

स्टुडिओत आम्ही तिघं समोरासमोर आलो तेव्हा साउंडवाल्याने खुर्च्या पुसून दिल्या. सज्जन माणूस होता. "मॅडम, मला वाटलं तो खोलीचा आवाज आहे," तो ताईला म्हणाला.

"खोलीचाच होता. आणि माझाही. दोन्ही परत आणा."

"एका मिनिटात येईल. किती आणायचा ते सांगा. हे बघा, हा स्लायडर. खाली पूर्ण साफ, वर पूर्ण जुनं. मधे ठेवू या का?"

"मधे नाही," ताई आणि भोंगा एकदमच म्हणाले. बऱ्याच वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच काही जुळलं असावं.

ताईने स्लायडर वर नेला. खोली भरून गेली, आणि भोंगा बुडाला. त्याने हात पुढे करून तो खाली आणला.

"हात काढ," ताई म्हणाली.

"इतकी वर्षं मी गळा फाडला तिथे! लोक मला विचारायचे, तुम्ही बँडमध्ये नेमकं काय करता? माईकसमोर उभा होतो मी!"

"मग तेव्हा बोलायचं होतंस."

"बोललो होतो. तुला ऐकू कसं जाणार? तुझा अ‍ॅम्प चालू होता."

साउंडवाला हसला आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

"शब्द ऐकवायचेत ना, मग नव्याने गा," ताई म्हणाली. "फरशीवर गातोस तसं ह्याच्यावर गा. कोण अडवतंय? मला पुसून त्या जागेत बसू नकोस."

"नव्याने गायला तो आवाज राहिलाय का माझ्याकडे? फरशीवर गाऊन गाऊन असा झालाय. आणि मी नाही पुसलं तुला. मशीनने पुसलं."

"मशीनने पुसलं आणि तू हात झटकून मोकळा झालास."

भोंगा माझ्याकडे वळला. "बारके, तू सांग. तिसरं गाणं ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. त्या गाण्यावर मी कितीदा ड्रम वाजवला असेन, पण ते कशाबद्दल आहे हे मला त्या आठवड्यातच कळलं. त्यात होतं: बाबा जिना झाडतात वरून खाली, मी घरी येतो खालून वर, माझ्याच पायांनी तो पुन्हा मळतो. काका, म्हणजे भोंग्याचे बाबा, एका मोठ्या इमारतीत झाडूकाम करायचे. ते गाणं त्यांचं होतं.

"मी बाबांना सांगितलं होतं, तुमच्यावर गाणं केलंय," भोंगा म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "ते आले होते बिलियर्डच्या हॉलमध्ये. इस्त्रीचा शर्ट घालून, अगदी पुढे उभे होते. घरी गेल्यावर म्हणाले, छान झालं रे, पण माझ्यावरचं कुठलं होतं?"

साउंडवाला टेबलावरच्या वायरी उगाच सरळ करत राहिला.

"काका मलाही आवडायचे," ताई म्हणाली. "पण त्यांना ऐकू गेलं नाही म्हणून मी तिथे नव्हतेच, असं कसं करतोस रे तू? मी काय नुसती उभी होते? ही पोरं ती टेप एकमेकांना का पाठवतात? तुझ्या शब्दांसाठी? त्यांना एक शब्द कळलेला नाही!"

"तेच तर म्हणतोय मी!" तो पुन्हा ओरडला.

आमच्यात काहीही ठरवायचं तर तिघांतल्या दोघांचं मत एक लागायचं. पहिल्यापासूनचा नियम होता, आणि तो भोंग्यानेच केला होता. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी साउंडवाल्याला तिसरं गाणं साफ करून लावायला सांगितलं. मग जुनं. साफ केलेल्यात माझा ड्रम खरंच चांगला होता, आणि काका जिन्यावर दिसत होते. जुन्यात काका नव्हते, ड्रम गोणीत घातल्यासारखा होता. पण त्या खोलीत आम्ही जे केलं होतं ते तिथे होतं, थंड भिंतीसकट.

"जुनं," मी म्हणाले.

"शब्द आवडले तुला?" भोंग्याने विचारलं.

"खूप."

"तरी?"

"तरी. तुझे शब्द घेऊन दुसरं काहीतरी करता येईल. मी वाजवेन तुझ्याबरोबर, खरंच. पण ह्यातून ताई काढली तर ही आपली टेप उरत नाही."

तो उठला. पिशवी खांद्याला लावली. "मलाच पुसा ना मग," तो साउंडवाल्याला म्हणाला. "सोपं काम आहे. इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही, आताही लागणार नाही." आणि माझ्याकडे बघून, "तुझं वाजवणं तुझ्यापाशीच ठेव." तो गेला. ताईने त्याला हाक मारली नाही. मीही मारली नाही.

साउंडवाल्याने स्लायडर वर नेऊन ठेवला. "टेपची थोडी खरखर तेवढी काढू का, मॅडम?"

"बोट लावायचं नाही," ताई म्हणाली.

बाहेर बसथांब्यावर आम्ही उभ्या राहिलो. तिला हवं ते मिळालं होतं. आता ती काहीतरी बरं बोलेल अशी मी वाट बघत होते.

"दोनदा," ती म्हणाली.

"काय दोनदा?"

"गाणं दोनदा लावायला सांगितलंस. मी तुझ्यासमोर बसले होते आणि तू ऐकून बघत होतीस, मला ठेवायचं की नाही ते."

"ऐकल्याशिवाय कसं ठरवणार?"

"मी ठरवलं असतं."

"तुझं होतं म्हणून!"

"तुझं असतं तरी," ती म्हणाली.

बस आली. ती पुढच्या एकेरी सीटवर जाऊन बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. मी मागे दांड्याला धरून उभी राहिले. जागा होती तरी बसले नाही. मी तिच्या बाजूने मत दिलं होतं, भाऊ घालवला होता, आणि वर हे ऐकून घेत होते. आणि शब्द चांगले होते. ते मी तिला तिथेच, सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं. तिने वळून पाहिलं नाही.