न वाजणारा कॅमेरा

माझी बहीण साऊताई गेली वीस वर्षं लग्नांचे फोटो काढते. साऊ म्हणजे आमच्या भाषेत सहावी. कागदोपत्री तिचं नाव वेगळं आहे, पण आमच्या कालव्याकाठी कागदावरचं नाव कोण वापरतं? मी उत, शेंडेफळ. मी तिच्याबरोबर व्हिडिओ काढतो, तिच्या पिशव्या उचलतो आणि तिची बोलणी खातो.

तो मिररलेस कॅमेरा तिने कान थो शहरातल्या ओळखीच्या दुकानातून वापरून बघायला आणला, तेव्हा पहिला हसलो तो मीच. तिच्या जुन्या कॅमेऱ्याशेजारी तो म्हणजे म्हशीशेजारी शेळी.

"ताई, एवढ्याशा डबीवर लग्न काढणार तू? लोकांना वाटेल, तूही जेवायलाच आलीयस."

"वाटू दे. जेवायला आलेल्याकडे बघून कुणी तोंड वाकडं करत नाही. फोटोवाल्याकडे बघून करतात."

त्याच आठवड्यात आमच्याच कालव्यावरच्या न्हान नावाच्या मुलीचं लग्न होतं. न्हानचे वडील ती लहान असतानाच गेले, त्यामुळे घरातला वडीलधारा माणूस म्हणजे तिचे थोरले काका. लग्नात मुलाकडचे दोन जाड लाल मेणबत्त्या आणतात आणि मुलीच्या घरातलं वडील माणूस पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे त्या पेटवतं. ज्योती सरळ, शांत जळाल्या पाहिजेत. तेवढा वेळ पंखे बंद, बोलणं बंद, पोरं बाहेर. आमच्याकडे खरं लग्न लागतं ते तिथे. बाकीचं सगळं जेवण आणि नाच.

आदल्या दिवशी दुपारी मुलीकडचे नातलग जमले होते. अंगणात झावळ्यांची कमान उभी राहत होती. बायका उकडलेली कोंबडी सोलून, कोबीत कालवून कोशिंबीर करत होत्या. ताई देव्हाऱ्याच्या खोलीत उजेड बघायला निघाली, तर थोरले काका दारातच आडवे आले.

"उद्या मेणबत्त्या पेटवताना फोटोवाले बाहेर. आत्ताच सांगून ठेवतो."

"अहो काका, मेणबत्त्यांचाच फोटो नसेल तर बाकीच्यांना काय करायचंय?"

"कोंबडीचे काढ. बरी झालीय."

ताई स्वयंपाकघरात गेली. तिथे काकू केळीची पानं पुसत बसली होती. तिनेच हळू आवाजात सांगितलं, "त्यांच्यावर रागावू नकोस गं. आमच्या लेकीच्या लग्नात एक फोटोवाला त्यांच्या कानाला चिकटून उभा होता. हे मेणबत्ती पेटवतायत, तेवढ्यात त्याने फ्लॅश मारला. डोळ्यांपुढे अंधारी आणि कानात खटॅक. हे दचकले, मेणबत्ती हातातून पडली आणि विझली. पुढे लेकीचं नवऱ्याशी जमलं नाही. ती आता साइगॉनला एकटीच असते. लोक म्हणतात, मेणबत्तीमुळे. मी म्हणते, जावई दारुडा होता त्यामुळे. पण यांना कोण समजावणार? हे म्हणतात, हात माझा हलला."

ताई उठली आणि काकांकडे जाऊन बसली. ते ओसरीवर चिंच लावून मेणबत्त्यांची पितळी शमादानं घासत होते. तिने तो नवा कॅमेरा त्यांच्या कानाशी नेऊन धरला.

"आता हे काय?"

"ऐका फक्त. आवाज आला की सांगा."

काकांनी घासणं थांबवलं. मान तिरकी केली. डोळे मिटले. अंगणातले लोकही बघायला लागले.

"अगं, काढ ना मग!"

"काढले की."

"कधी?"

तिने कॅमेऱ्यामागचा पडदा त्यांच्यापुढे धरला. एक म्हातारा मान वाकडी करून, कपाळाला आठ्या घालून, कोंबड्याने घारीची चाहूल घ्यावी तसा ऐकत होता. असे बरेच म्हातारे, एकामागून एक.

"हा थेरडा कोण?" काका म्हणाले आणि स्वतःच हसले. मग हात विजारीला पुसून त्यांनी कॅमेरा स्वतः हातात घेतला, बटण दाबलं, कान लावला. परत दाबलं. "याच्यात वाजायला काहीच नाही?"

"जुन्यात आत आरसा असतो. दर फोटोला तो वर आपटतो, त्याचा तो आवाज. याच्यात आरसाच नाही. आणि हवं तेव्हा याचं तोंड पूर्ण बंद करता येतं."

"आणि तो चमकणारा?"

"फ्लॅश घरीच ठेवीन. मेणबत्तीचा उजेड याला पुरतो."

"पुरतो, की तू म्हणतेस म्हणून पुरतो?"

मग खिडक्या लावून घेतल्या, देव्हाऱ्यावरचं तेलाचं निरांजन पेटवलं आणि ताईने काकांनाच समोर उभं केलं. फोटो आले ते काळ्या पट्ट्यांचे. काकांच्या तोंडावर आडवे गज ओढल्यासारखे.

"शेळी आणली होतीस, झेब्रा निघाला," मी म्हणालो.

ताईने माझ्याकडे बघितलंही नाही. ती इकडेतिकडे शोधत होती. देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे रंगीत विजेच्या दिव्यांचं चक्र फिरत होतं, हल्ली सगळ्या घरांत असतं तसं. तिने त्याची पिन काढली आणि पुन्हा फोटो काढला. पट्टे गेले. ते दिवे आपल्याला कळणार नाही इतक्या वेगाने विझतात आणि पेटतात, आणि आवाज बंद असताना हा कॅमेरा चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. जी ओळ दिवा विझल्यावर वाचली, ती काळी.

पण ऐन लग्नात देव्हाऱ्यावरचे दिवे बंद? खोलीत कुजबुज झाली. काकांनी वर, आपल्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं.

"आमच्या बापाने असली लुकलुक जन्मात बघितली नव्हती. बंद करा. उलट बरी झोप लागेल त्याला." मग ताईकडे बोट रोखून म्हणाले, "तू एकटी आत. खट्ट झालं तर कालव्यात बुडवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाकडच्या होड्या लागल्या. लाल कापडाने झाकलेली ताटं हातोहात वर आली. नवरा मुलगा खोआ इतका घामाघूम झाला होता, की न्हानच्या मावशीने त्याला रुमाल दिला. सगळे खोलीत दाटीवाटीने उभे राहिले, पंखे थांबले, चक्र बंद झालं. मला बाहेरून खिडकीच्या गजांमधून लेन्स घालायची परवानगी होती. आत ताई अनवाणी, खांबाला टेकून उभी.

काकांनी दोन्ही मेणबत्त्या निरांजनाला लावल्या. पहिली चटकन पेटली. दुसरीची वात ओली की काय कोण जाणे, ज्योत उठली, वाकली आणि निळी पडून बारीक झाली. न्हानच्या आईने ओठ दाबून धरले. खोली इतकी शांत झाली की वात तडतडलेली मला खिडकीबाहेर ऐकू आली. दुसरा कसलाही आवाज नव्हता. काकांनी हात हलवला नाही, तोंडही वळवलं नाही. खोलीत ताई आहे हे ते विसरूनच गेले होते. ते नुसते त्या ज्योतीकडे बघत राहिले, लहान मुलाला पहिलं पाऊल टाकताना बघावं तसे. ज्योत हळूहळू वर आली आणि सरळ उभी राहिली.

दोन मेणबत्त्या म्हणजे नवरा आणि बायको, आणि ज्याची ज्योत उंच त्याचं घरात चालतं, असं आमच्याकडे म्हणतात. शमादानात दोन्ही बसल्यावर कोपऱ्यातून एक आजी ओरडली, "बायकोची ज्योत उंच आहे गं!"

"ते मला साखरपुड्यालाच कळलं होतं," खोआ म्हणाला आणि सगळी खोली हसली.

ताई बाहेर आली ती पांढरीफटक. "उत, मला खात्रीच नाही काही निघालंय की नाही. वीस वर्षं बोटाने दाबलं आणि कानाने ओळखलं. आज कान रिकामे." तिने कॅमेऱ्याचा पडदा चालू केला आणि आम्ही दोघं कमानीखाली डोकी जोडून उभे राहिलो.

काय सांगू? काकांच्या कानशिलावर घामाचे थेंब होते आणि प्रत्येक थेंबात लालसर उजेड. काकांनी मान कितीही खाली घातली तरी कॅमेऱ्याने त्यांचा डोळा सोडला नव्हता, आणि त्या डोळ्यात दोन ज्योती, एक उंच, एक नुकती उठणारी. मागच्या काळोखात न्हानच्या आईचे दाबलेले ओठ. आम्हाला उघड्या डोळ्यांनी खोलीत जेवढं दिसलं होतं, त्याहून जास्त तिथे होतं. मी माझा व्हिडिओ लावून बघितला. राखाडी पिठात माणसं हलत होती.

"म्हण आता याला शेळी," ताई म्हणाली.

मी तिच्या पिशव्या उचलल्या.

पुढे नवरी घेऊन होड्या निघाल्या, तर निम्म्या वाटेत नव्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. जोडीची तिने सकाळच्या घाईत घरीच ठेवली होती. ताईने शिव्या घालत जुना कॅमेरा काढला. होडीच्या इंजिनाच्या धडधडीत तो कितीही वाजला तरी कुणाला पत्ता नव्हता. तरी तो नवा कॅमेरा तिने ठेवून घेतला, आणि आता बॅटऱ्यांची पिशवी सांभाळायचं काम माझ्या गळ्यात आहे.

छापलेले फोटो घेऊन आम्ही गेलो, तेव्हा काकांनी तो मेणबत्तीचा फोटो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाले, "साऊ, हा मोठा करून दे. चौकट घालून. मी गेल्यावर देव्हाऱ्यावर हाच लावायचा."

"एवढ्यात कसली घाई काका?"

"घाई नाही. पण आत्ता तोंड बघण्यासारखं आहे."

ताईने तो मोठा करून दिला. काकांनी तो कपाटात कपड्यांखाली ठेवलाय आणि पाहुणा आला की बाहेर काढून दाखवतात. काकू वैतागलीय. म्हणते, "या माणसाने स्वतःला उदबत्ती ओवाळायची तेवढी राहिलीय."