आईच्या शीटचं लॅमिनेशन

छोटीचं डोकं फिरलं ते लॉबीत, लिफ्टच्या शेजारी, सगळ्यांच्या देखत. नावाचीच छोटी हां, वय पस्तिशीला टेकलंय, विद्यापीठाचा अख्खा वनस्पतीसंग्रह एकटी सांभाळते, पण घरातलं शेंडेफळ म्हणून छोटी ती छोटीच. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून आठवडाभर रजेवर होती. आज आली, पायपुसण्यावर पाय पुसले, मान वर केली, तर भिंतीवर तिच्याच कपाटातल्या शीट. चकाचक, लॅमिनेशन केलेल्या.

आता शीट म्हणजे काय, तर जाड कागदावर अडकवलेलं वाळकं रोप, खाली कुणी, कुठे, कधी गोळा केलं त्याचं लेबल, आणि कोपऱ्यात कागदाची पुडी. रोपावरून गळलेली पाकळी, बी, जे काय असेल ते त्या पुडीत. या शीटना छोटी तळहातावरच्या फोडासारखं जपते. संग्रहाच्या खोलीत जेवणाचा डबा उघडायचा नाही, कीड लागते. बाहेरून आलेलं पानसुद्धा आधी फ्रीजरमध्ये. एकदा तर मोठ्या साहेबांच्या हातातला पुष्पगुच्छ दारातच काढून घेतला आणि फ्रीजरमध्ये टाकला. साहेब बघतच राहिले.

आणि भिंतीवर मधोमध कुठली शीट? आईची. छोटीच्या आधी हा संग्रह आईच सांभाळायची. विद्यापीठामागच्या दलदलीत गुडघाभर चिखलात उतरून तिने ते रोप आणलं होतं, आणि दुसरीकडे ते कुठेच सापडलं नाही. दलदलीच्या जागी आता पार्किंग आहे. पुडीतल्या बिया तेवढ्या उरल्या होत्या. त्या ओल्या टिपकागदावर घालून बघायच्या, एक जरी उगवली तरी रोप परत आलं, म्हणून छोटी किती वर्षं परवानगीच्या मागे होती. तोवर एका बीला बोट लावलं नाही बाईने. परवानगी आली, आणि नेमकं आईचं ऑपरेशन.

तेवढ्यात मोजपट्टी गळ्यात अडकवून दादा आला. सख्खा भाऊ, विद्यापीठाच्याच बांधकाम विभागात साहेब.

"कसं वाटलं? आईची मुद्दाम मधे लावली. परवा पाहुणे येतायत, पहिली नजर तिच्यावरच पडणार."

"कपाटाची किल्ली कुणी दिली?"

"तुमच्या विभागप्रमुखांनी. अगं, वाळकं गवत ते, किती टिकणार? आता शंभर वर्षं बघायला नको."

"त्या वरच्या ओळीतल्या शीट आपल्या पणजोबांच्या वयाच्या आहेत, दादा. प्लॅस्टिकशिवाय जगल्यात."

बोलता बोलता तिचं लक्ष कोपऱ्यांकडे गेलं. बाकीच्या शीटवर पुडीच नाही, नुसता फाटलेल्या कागदाचा ओरखडा. आईच्या शीटवर मात्र पुडी होती. इस्त्री फिरवल्यासारखी चपटी, आणि भोवती तपकिरी, तेलकट डाग.

"पुड्या कुठायत बाकीच्या?"

"त्याचीच तर गंमत. पहिली शीट घातली आणि मशीन अडकलं. पुडी फुगीर ना. जरा वेळ रोलरमध्येच राहिली, थोडा धूर आला. मग दुकानदार म्हणाला, बाकीच्या काढूनच घेऊ. आहेत की माझ्या ड्रॉवरमध्ये, एका पिशवीत."

"सगळ्या एकत्र? कुठली कुठल्या शीटची, कसं कळणार?"

"आता ते मला काय माहीत?"

"आणि पहिली कुठली घातलीस?"

दादा मोजपट्टीशी चाळा करायला लागला. "आईची. मानाची म्हणून."

छोटी ओरडली नाही. आवाज उलट खाली गेला, आणि लिफ्टसाठी थांबलेली माणसं लिफ्ट आली तरी आत जाईनात. "दलदल बुजवलीस तू. बिया उरल्या होत्या, त्या भाजल्यास तू. एका रोपाचा माणसाने किती पिच्छा पुरवावा रे?"

"बिया आहेत हे मला कुणी सांगितलं?"

"विचारलंस? फोन होता ना खिशात?"

"फोन केला असता तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणजे माहीत होतं."

तिने स्टूल ओढलं आणि एकेक शीट खाली उतरवली. भिंतीवर राहिले ते खिळे. पाहुण्यांनी खिळे बघावेत.

संध्याकाळी दादा तिच्या आधी घरी पोचला, आईकडे कैफियत मांडायला. आई काळा चष्मा लावून पलंगावर बसलेली. छोटी आली तेव्हा तो म्हणत होता, "तूच सांग हिला, त्या बिया पेरून तरी बघ म्हणावं."

"भाजलेला दाणा कधी उगवलाय का?" आई म्हणाली.

"तुझं नाव चार लोकांनी वाचावं म्हणून केलं गं मी."

"नाव लेबलावर होतंच की. मला रोप हवं होतं." मग तिने छोटीच्या दिशेने मान वळवली. "चिठ्ठी लावून घेतलीस याच्याकडून?"

संग्रहातली रीतच आहे ती. शीटला कुणी काहीही केलं, नाव बदललं, पान तोडून नेलं, तर काय केलं ते लिहायचं, खाली सही, तारीख, आणि ती चिठ्ठी शीटवरच लावायची. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा संग्रहाच्या टेबलापाशी, शाळेत उभं केल्यासारखा. त्याने लिहिलं, "जतनासाठी लॅमिनेशन केले." छोटीने फाडलं. "चुकून लॅमिनेशन केले." फाडलं.

"काय लिहू मग?"

"झालं ते."

शेवटी लिहिलं, "परवानगी न घेता लॅमिनेशन केले. पुडीतल्या बिया भाजल्या." सही केली.

"खाली विभाग लिही. बांधकाम."

"विभाग कशाला?"

"लिही."

छोटीने डिंक लावला, चिठ्ठी दाबली. प्लॅस्टिकवरून ती घसरली. परत लावली, परत घसरली. दादाच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. "चिकटत नाहीये गं. राहू दे ना मग."

छोटीने ड्रॉवर उघडला. जाड खोडं कागदाला शिवायची दाभणासारखी सुई आणि पांढरा दोरा काढला, चिठ्ठी आईच्या लेबलाशेजारी ठेवली.

"धर इथे. घट्ट."

"बोटाला लागेल माझ्या."

"लागू दे," ती म्हणाली, आणि प्लॅस्टिकमधून सुई आरपार घातली.