सुईताईचं इटालियन

मोज्यांच्या कारखान्यात तिला सगळे सुईताई म्हणत. विणायच्या यंत्रात एकशे अडुसष्ट सुया असतात. त्यातली एखादी जरा वाकली, तरी नुसत्या आवाजावरून तिला ते कळायचं. बावीस वर्षं यंत्रावर काढलेली बाई ती. तिच्यावर निष्काळजीपणाचा ठपका यावा, यापरता अन्याय नव्हता.

झालं असं, की मोठी मागणी आली म्हणून साहेबांनी नव्या इटालियन यंत्राचा वेग ठरल्यापेक्षा वाढवायला लावला. सुया पटापट तुटायला लागल्या. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा कारागीर इटलीहून तपासायला यायचा होता. वेग वाढवल्याचं त्याला कळलं असतं तर कंपनीने दुरुस्तीतून अंग काढून घेतलं असतं. म्हणून साहेबांनी आदल्या दिवशी वेग गुपचूप उतरवला, आणि दुभाष्या म्हणून आपल्या मेहुण्याला बोलावलं. मेहुणा दोन वर्षं इटलीत राहून आलेला, अंगावर अत्तराचा भपकारा.

"त्यांना सांगा," सुईताई म्हणाली, "वेग वाढवल्यापासून सुया तुटतायत. त्याआधी एकही तुटली नव्हती."

मेहुण्याने हसत हसत लांबलचक काहीतरी सांगितलं. त्यात 'ओल्यो, ओल्यो' असं तीनदा आलं. कारागिराने सुईताईकडे बघून मान हलवली. अभ्यास न करणाऱ्या पोराकडे बघून हलवावी तशी.

आठवड्याने अहवाल आला. साहेबांनी तो सूचनाफलकावर लावला. सुईताईच्या लेकीने मोबाइलवर त्याचं भाषांतर काढून दाखवलं: यंत्राला वेळेवर तेल, म्हणजे तेच ते 'ओल्यो', दिलं जात नाही, चालक निष्काळजी आहे.

सुईताई तशीच मोबाइल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "हे मी बोललेच नाही. तुमच्या मेहुण्यांनी माझ्या तोंडी घातलंय."

"मोबाइल काय, वाट्टेल ते सांगतो," साहेब म्हणाले. "तुला इटालियन येतं का? नाही ना? मग तो काय बोलला हे तू कशाच्या जोरावर सांगतेस?"

दुसऱ्या दिवसापासून तिला पॅकिंगला बसवलं. यंत्रावर कारखान्यातले जुने कामगार मामा आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस.

घरी येऊन सुईताईने पिशवी आपटली. "इटालियन शिकणार मी."

नवरा बसचा चालक. तो बूट काढता काढता थांबला. "म्हणजे आता दोन भाषांत बोलणी खायची का मी?"

लेक हसली. सुईताई हसली नाही, कारण तिला शाळा आठवली होती. तिथे परक्या भाषेच्या तासाला तिने एक शब्द चुकीचा वाचला होता, आणि बाईंनी तो चुकीचा उच्चार सगळ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घेतला होता. पोरं वर्षभर तिला त्याच शब्दाने हाक मारायची. तेव्हापासून परका शब्द ओठांवर आला की ती तो गिळून टाकायची. एवढ्याशा पोरीचं चाळीस जणांपुढे हसं करणाऱ्या त्या बाईंचा राग तिला पस्तीस वर्षांनी, भांडी घासताना आला. आजवर ती स्वतःलाच मठ्ठ समजत आली होती.

तिने घरात इटालियन कोंबून भरलं. फ्रिज, बादली, खिडकी, नवऱ्याचा डबा, सगळ्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. स्वयंपाक करताना इटालियन रेडिओ. सुरुवातीला तो नुसता तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा वाटायचा. तीन महिन्यांनी त्यातून 'आज', 'पाऊस', 'मंत्री' असे शब्द सुटे होऊन कानात पडायला लागले. नवऱ्याने पाणी मागितलं तर ती म्हणायची, "इटालियनमध्ये माग." तो बिचारा नळाकडे बोट दाखवायचा. पण पुढे पुढे "आक्वा, आक्वा" करत गुमान मागायला लागला.

खरी साथ दिली सासऱ्यांनी. ते छापखान्यात खिळे जुळवायचे. आपल्याला न येणाऱ्या भाषांचीही पानंच्या पानं त्यांनी जुळवली होती. रोज संध्याकाळी ते तिच्यासमोर पुस्तक धरून बसत.

"थांब. इथे चुकलीस."

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"चुकलीस की तुझा आवाज खाली जातो. पुन्हा म्हण. चूक असेल तरी दणक्यात म्हण."

एकदा ती म्हणाली, "बाबा, इटालियनमध्ये यंत्र स्त्रीलिंगी आहे."

"असणारच. दिवसभर राबायचं आणि वर बोलणीही खायची."

लेकीने तिला इंटरनेटवरून बोलायला एक जोडीदारीण शोधून दिली. इटलीतली सत्तरीची शिंपीण. पहिल्या दोन वेळा सुईताईने तिचा चेहरा दिसताच फोन बंद केला. तिसऱ्यांदा शिंपीणच आधी बोलली. ती हळूहळू, एकेक शब्द टाके घातल्यासारखा सांगत होती. सुईताईला विचारायचं होतं, 'तुम्ही काय शिवता?' तोंडून निघालं, 'तुम्ही कोणाला शिवता?' शिंपीण खो खो हसली आणि म्हणाली, "जावयाचं तोंड शिवायचं राहिलंय!" सुईताईला ते कळलं. आणि तीही हसली. आपण चुकलो, समोरचं माणूस हसलं, आणि तरी आपण जिवंत आहोत, याचं तिला फार नवल वाटलं.

चौदा महिने गेले. साहेबांनी पुन्हा वेग वाढवला होता, पुन्हा सुया तुटत होत्या, आणि पुन्हा तोच कारागीर आला. वेग आदल्या दिवशी उतरवलेला. मामा टोपी हातात घेऊन उभे. सुईताई पलीकडे खोक्यांना चिकटपट्टी लावत होती.

मेहुणा बोलायला लागला आणि या वेळी त्यातला शब्द न् शब्द तिच्या कानात शिरला. "हा म्हातारा आहे. याला डोळ्यांनी नीट दिसत नाही. सुया चुकीच्या बसवतो. शिवाय पितो."

मामांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. आणि ते समोर उभे राहून, आपल्याबद्दल काही चांगलं चाललं असेल या समजुतीने, मान डोलवत होते!

सुईताईच्या अंगाची लाही लाही झाली. चिकटपट्टी खाली टाकून ती तरातरा यंत्रापाशी गेली.

"नोन ए वेरो," ती म्हणाली. हे खरं नाही. "हा माणूस पीत नाही. मी तेल देत होते. वेग जास्त आहे. तुम्ही येता, ते कमी करतात. तुम्ही जाता, ते वाढवतात. यंत्राची आठवण बघा."

यंत्राला तिने पुल्लिंगी केलं, दोन क्रियापदांचे काळ चुकले, पण आवाज सगळ्या शेडमध्ये घुमला.

"ही काहीबाही बरळतेय," मेहुणा कारागिराला म्हणाला.

"नाही," कारागीर म्हणाला, "मला सगळं कळतंय." त्याने यंत्राच्या पडद्यावर आपला परवलीचा शब्द टाकला. गेल्या कित्येक महिन्यांच्या वेगाचे आकडे तिथे ओळीने नोंदलेले होते. तो बराच वेळ वाचत राहिला. मग साहेबांकडे नाही, तर मामांकडे वळून त्याने हात पुढे केला. मामांना काहीच कळेना, तरी त्यांनी तो घेतला.

नव्या अहवालात वेगाचं कारण लिहिलं गेलं. "आणि माझा जुना?" सुईताईने विचारलं. त्यासाठी मुख्य कचेरीला लिहावं लागेल, असं कारागीर म्हणाला. "लिहा," ती म्हणाली. "मी वाट बघते."

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "एवढं येत होतं तर आधी माझ्या कानावर घालायचं. चव्हाट्यावर कशाला? घरातलं घरात मिटलं असतं."

"कानावरच घातलं होतं साहेब. आपल्या भाषेत. तेव्हा तुम्हाला पुरावा हवा होता."

जुन्या अहवालाची दुरुस्ती यायला महिना लागला. फलकावर ती लावायला कुणी पुढे येईना, तेव्हा सुईताईनेच लावली. ती यंत्रावर परतली. माफी कुणी मागितली नाही, ना साहेबांनी ना मेहुण्याने. मेहुणा अजूनही कारखान्यात येतो, तिला बघून जिना बदलतो. "झालं ना सगळं? मग आता शांत हो," असं नवरा म्हणतो. ती शांत होत नाही. पंधरा महिन्यांचं पॅकिंग कुणी भरून देणार आहे का?

शिकणंही तिने सोडलं नाही. परवा शिंपिणीने तिला आपल्या तरुणपणची गोष्ट सांगितली. दुकानमालकाने स्वतः कापताना बिघडवलेला लग्नाचा झगा तिच्या नावावर घातला होता, आणि तिने तेव्हा तोंडातून ब्र काढला नव्हता. सुईताईने एकदाही 'पुन्हा सांगा' म्हटलं नाही. ऐकता ऐकता तिचा पारा इतका चढला की पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या मालकाला तिने इटालियनमध्ये येतील तेवढ्या शिव्या घातल्या, आणि कमी पडल्या तेव्हा शिंपिणीला म्हणाली, "थांबा, अजून दोन शिकवा."